बाथरूमचे वॉटरप्रूफिंग आणि फरशीकाम : डोंबिवलीतील एका कामाचा आढावा

डोंबिवली पूर्वेतील आमच्या इमारतीला तीस वर्षे होऊन गेली आहेत. या वयाच्या बहुतेक इमारतींप्रमाणे येथेही वरच्या बाथरूमचे पाणी खालच्या छताला, हा विषय वार्षिक सभेत हमखास निघतो. खालच्या सदनिकेच्या छताचे पोपडे सुटू लागल्यावर आम्ही आमच्या बाथरूमची जमीन स्लॅबपर्यंत उकरून नव्याने करण्याचे काम एका स्थानिक ठेकेदाराला दिले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण अशा ठेकेदारांकडचे मिस्त्री बदलत राहतात आणि एका घरात झालेले काम दुसऱ्या घरात तसेच होईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. माझे मत आधीच सांगतो. जलरोधक थराचे काम उत्तम झाले, फरशीकाम एका ठिकाणी दुरुस्त करून घ्यावे लागले, आणि पाण्याची चाचणी व हमीचा कागद या दोन बाबतींत त्यांच्या मागे लागावे लागले.

बाथरूमच्या गळतीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, 'केमिकल कोणते वापरले?' माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. टाइल्सच्या सांध्यांत भरलेले सिमेंटचे ग्राउट पाणी शोषते, आणि रोजच्या वापरात थोडे पाणी फरशीखाली उतरतेच. ते पाणी खाली उतरल्यावर कुठे जाते, यावर सगळे अवलंबून आहे. जलरोधक थरालाच नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखालच्या भांड्याकडे, ढाळ (उतार) असेल तर ते हळूहळू ट्रॅपमध्ये निघून जाते. थर सपाट असेल आणि ढाळ फक्त वरच्या टाइल्सना दिलेला असेल, तर ते कोब्यात, म्हणजे फरशीखालच्या भरावात, मुरत राहते आणि थराची पहिली कमजोर जागा शोधते. या ठेकेदाराला काम देण्याचे मुख्य कारण हेच होते की पहिल्या भेटीत त्याने रंगीत पुस्तिका न उघडता ट्रॅप कुठे आहे आणि तो किती खाली नेता येईल, हे विचारले.

दुसरी जमेची बाजू म्हणजे निदान. खालच्या आजींना त्याने विचारले, 'आजी, वर कोणी आंघोळ केली नाही तरी टिपकतं का?' प्रश्न साधा आहे, पण त्याच्यावर अर्धा खर्च ठरतो. चोवीस तास सतत टिपकत असेल तर संशय भिंतीत गाडलेल्या दाबाच्या नळावर जातो. वापरानंतर काही वेळाने ओल वाढत असेल तर दोष जमिनीत, ट्रॅपच्या सांध्यात किंवा कमोडच्या जोडणीत असतो. त्याने नळांची तोंडे बंद करून हातपंपाने दाब भरला आणि काटा खाली सरकत नाही हे आमच्यासमोर दाखवले. त्याआधी येऊन गेलेल्या दोघांपैकी एकाने जुन्या टाइल्सच्या सांध्यांत इपॉक्सी भरून काम भागेल असे सांगितले होते, तर दुसऱ्याने खालच्या छताला भोके पाडून रसायन दाबाने भरण्याचा सल्ला दिला होता. वरून सांधे भरल्याने गळती काही काळ लांबते, आणि कोब्यात आधीच मुरलेले पाणी आत अडकून राहते. खालून इंजेक्शन दिल्यास स्लॅबमधली ती भेग बुजते, पण वरचे पाणी शेजारची वाट धरते. हे दोन्ही उपाय सर्रास निरुपयोगी आहेत असे मी म्हणणार नाही, पण तीस वर्षांच्या बाथरूमला ते पुरेसे नाहीत.

फोडकामाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आवाज झाला, धूळ झाली, डेब्रिज गोण्यांत भरून त्याच दिवशी खाली गेले आणि जिन्यात एकही गोणी राहिली नाही. आतून जे निघाले ते मात्र पाहण्यासारखे होते. बाथरूमपुरता स्लॅब इतर खोल्यांपेक्षा आठ इंच खाली घेतलेला होता आणि त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला होता. वरच्या थरातल्या विटा कोरड्या, तर तळच्या विटा हातात घेतल्या तर बोटे ओली होतील इतक्या भिजलेल्या. बिडाच्या जुन्या ट्रॅपच्या गळ्याभोवतीचे सिमेंट सुटून तिथे बोटभर फट पडली होती. स्लॅबच्या एका कोपऱ्यात सळई उघडी पडून गंजली होती. ती तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने बुजवण्यात आली. हे काम मूळ अंदाजपत्रकात नव्हते आणि त्याचे वेगळे पैसे लागले, पण ते उघडे पडल्याखेरीज कोणालाच कळले नसते, म्हणून त्याबद्दल तक्रार नाही.

ट्रॅप आणि पाइप बदलताना मिस्त्रीने केलेली एक गोष्ट मला विशेष आवडली. पीव्हीसीचा पाइप गुळगुळीत असतो आणि सिमेंट त्याला धरत नाही. अनेक गळत्या पाइप आणि स्लॅब यांच्यामधल्या याच केसभर फटीतून होतात. त्याने पाइपचा स्लॅबमधून जाणारा भाग सँडपेपरने खरवडला, त्यावर पाइप जोडण्याचे सोल्युशन फासले आणि ते ओले असतानाच बारीक वाळू दाबून चिकटवली. वाळल्यावर पाइपचा तो भाग खरखरीत झाला आणि भोवती भरलेले न आकसणारे ग्राउट त्याला घट्ट बसले.

त्यानंतर जमीन आणि भिंत जिथे मिळतात तिथे सगळीकडे वाटा मारला, म्हणजे काटकोन मोडून मॉर्टरची गोलाई काढली. काटकोनात कोणताही लेप पातळ बसतो आणि इमारतीच्या बारीक हालचालीत तिथेच चिरतो. लेपासाठी दोन घटकांचे ॲक्रिलिक-सिमेंट उत्पादन वापरले. पिडिलाइटच्या डॉ. फिक्सिट मालिकेतील पिडिफिन टू-के हे याच जातीचे आहे, आणि सिका व फोस्रॉक या कंपन्यांकडेही अशी उत्पादने मिळतात. एका पिशवीत भुकटी आणि एका डब्यात द्रव असतो. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात, संथ फिरणाऱ्या मशीनने, गुठळी न राहता एकजीव करायचे असतात. अंदाजाने पाणी घालून पातळ केलेला लेप ब्रशला हलका जातो, म्हणून कामगारांना तो मोह होतो. येथे तो झाला नाही. पृष्ठभाग ओलसर करून, पण साचलेले पाणी टिपून घेऊन पहिला हात दिला, कोपऱ्यांवर आणि ट्रॅपभोवती फायबरची जाळी ओल्या लेपातच दाबली, आणि पहिला हात सुकल्यावर दुसरा हात आडव्या दिशेने दिला. भिंतींवर लेप एक फुटापर्यंत चढवला, आणि शॉवरच्या दोन भिंतींवर सहा फुटांपर्यंत. या लेपावर सिमेंटच्या कामासारखे लगेच पाणी मारायचे नसते, तो हवेतच पक्का होऊ द्यावा लागतो. हे मिस्त्रीला ठाऊक होते, आणि उत्साहाने पाण्याची बादली घेऊन आलेल्या त्याच्या मदतनिसाला त्याने वेळेवर थांबवले.

पहिला खटका चाचणीवरून उडाला. लेप पक्का झाल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर दोन इंच पाणी भरायचे आणि ते ठेवून द्यायचे, ही चाचणी करारात लिहिलेली होती. मुदत मात्र लिहिलेली नव्हती. ठेकेदार म्हणाला, 'साहेब, चोवीस तास भरपूर झाले.' चोवीस तासांत दिसते ती मोठी गळती. केसभर वाटेने जाणारे पाणी पाच-सहा इंचांच्या स्लॅबमधून उतरून खालच्या रंगावर उमटायला अधिक वेळ घेते, म्हणून अठ्ठेचाळीस ते बहात्तर तास पाणी ठेवणे शहाणपणाचे. मिस्त्रींची पुढची कामे ठरलेली असतात आणि एका बाथरूमसाठी तीन दिवस टोळी बसवून ठेवणे त्यांना परवडत नाही, हे मला समजते. पण मग मुदत आधीच कबूल करून वेळापत्रक त्याप्रमाणे आखायला हवे होते. शेवटी पूर्ण तीन दिवस पाणी ठेवले. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारून ठेवली होती. बाष्पीभवनाने होईल तेवढीच घट झाली, आणि खालच्या छतावर नवी ओल आली नाही. छतावर जुनी ओल असतेच, म्हणून तिच्या कडेनेही पेन्सिल फिरवून ठेवली होती. नाहीतर जुनी कोणती आणि नवी कोणती, यावर तिसरेच भांडण सुरू होते.

भरावाच्या बाबतीत ठेकेदाराशी मी पूर्ण सहमत नाही. आमचे बाथरूम सात फूट बाय साडेचार फूट आहे. आठ इंच खोलीचा भराव म्हणजे सुमारे २१ घनफूट, आणि विटांच्या कोब्याने तो भरला तर वजन साधारण एक टनाच्या पुढे जाते. जुन्या स्लॅबवर हा बोजा पुन्हा टाकायचा नाही म्हणून त्याने हलक्या एएसी ब्लॉकचे (सच्छिद्र, फुगवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) तुकडे सुचवले, ज्यांचे वजन विटांच्या निम्म्याहून कमी असते. वजनाचा युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र एएसी ब्लॉक पाणी फार पितो, म्हणून भरावाच्या वरच्या थरात चूक झाली तर तो कोब्यापेक्षा अधिक पाणी साठवून ठेवेल. मी मान्यता दिली ती वर दुसरा जलरोधक थर करण्याच्या आणि सर्वांत खालच्या पातळीवरून डक्टमध्ये (इमारतीच्या नळांच्या उभ्या पोकळीत) निघणारा एक लहान पाइप ठेवण्याच्या अटीवर. त्या पाइपमधून कधी पाणी टिपकताना दिसले तर वरचा थर फुटला आहे हे खालच्या घराच्या आधी आम्हाला कळेल.

आता ढाळ. भरावावर मॉर्टरचा थर टाकून त्यालाच उतार दिला, आणि लेपाचा दुसरा थर त्या उतारावर आला. मिस्त्रीचे माप फुटाला एक सूत (इंचाचा आठवा भाग), म्हणजे ९६ला १. आमच्याकडे ट्रॅप एका टोकाच्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे सात फुटांच्या अंगाला सात सूत, म्हणजे जवळपास पाऊण ते एक इंच फरक पडतो. फुटाला सव्वा सूत दिला असता तर मला अधिक आवडले असते, कारण खडबडीत टाइलवरून पाणी सावकाश सरकते. पण पट्टी आणि पाणसळ लावून पाहिले तेव्हा उतार कुठेही उलटा नव्हता. बहुतेक बाथरूममध्ये कमोडच्या मागे डबके साचते, कारण तिथपर्यंत पट्टी पोहोचत नाही. येथे तो कोपरा आधी करून मग पुढे येण्याचा क्रम ठेवला होता.

टाइल्सची निवड आमची होती. जमिनीला एक फुटी मॅट व्हिट्रिफाइड टाइल घेतली, कारण चार बाजूंनी उतार द्यायचा तर मोठी टाइल तिरकी कापावी लागते आणि कापलेल्या प्रत्येक रेघेबरोबर एक सांधा वाढतो. दुकानदार दाखवतात तो आर-१० किंवा आर-११ हा आकडा घसरणीचा खरा, पण ती जर्मन चाचणी तेल लावलेल्या तिरप्या पृष्ठभागावर बूट घालून केलेली असते; ओल्या पृष्ठभागावर अनवाणी चालण्यासाठी ए, बी, सी अशी वेगळी वर्गवारी आहे, आणि बाथरूमसाठी ती विचारणे योग्य. आम्ही विचारली तेव्हा दुकानात कोणालाच माहीत नव्हती. शेवटी टाइलवर पाणी ओतून, चप्पल काढून, उभे राहून पाहिले.

व्हिट्रिफाइड टाइलचे पाणीशोषण अर्ध्या टक्क्यापेक्षा अधिक नसते, त्यामुळे तिला सिमेंटची रबडी धरत नाही. पॉलिमर मिसळलेले टाइल ॲडहेसिव्हच लागते. भारतीय मानक १५४७७ मध्ये ॲडहेसिव्हचे पाच प्रकार आहेत, आणि कमी पाणीशोषणाच्या टाइलला पहिला प्रकार पुरत नाही, निदान दुसरा हवा. ठेकेदाराने पिशवी आमच्यासमोर फोडली आणि पिशवीवर प्रकार छापलेला होता. दातेरी थापीने एकाच दिशेने रेघा ओढून, टाइलच्या पाठीवरची पांढरी पूड पुसून, पाठीलाही पातळ हात देऊन टाइल्स बसवल्या गेल्या. पहिल्या दिवशीचे काम असे नीट झाले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री बदलला आणि नव्याने दाराजवळच्या ओळीत चार कोपऱ्यांना चार आणि मध्ये एक असे ठिपके टाकून टाइल्स दाबल्या. नाण्याने ठोकून पाहिल्यावर त्या ओळीचा आवाज बद्द आला. पोकळीत पाणी साचते आणि बादली आपटली की तोच कोपरा फुटतो, म्हणून ती ओळ काढून पुन्हा बसवण्याची मागणी आम्ही केली. ठेकेदाराने वाद न घालता ती मान्य केली, नवे ॲडहेसिव्ह स्वतःच्या खर्चाने आणले आणि उचकटताना खालच्या लेपावर ओरखडे आले होते तिथे पुन्हा दोन हात दिले. चुकीपेक्षा ती कशी निस्तरली यावर मी त्याला अधिक गुण देईन.

सांध्यांसाठी आम्ही इपॉक्सी ग्राउट घेतले. ते सिमेंटच्या ग्राउटपेक्षा बरेच महाग आहे, तीन घटक मिसळून लवकर वापरावे लागते आणि टाइलवर राहिलेली त्याची साय त्याच दिवशी पुसली नाही तर कायमची बसते. तरीही आपल्याकडच्या सवयी पाहता ते पैसे वसूल होतात. घरोघरी फरशी उजळवायला ॲसिड ओतले जाते आणि ते सिमेंटचे ग्राउट खात जाते. वर्षभरात सांधे खोलगट होऊन काळे पडतात. इपॉक्सीवर ॲसिडचा तितका परिणाम होत नाही, पण आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींना तेव्हाच सांगून ॲसिडची बाटली घरातून घालवली. जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात व ट्रॅपच्या जाळीभोवती मात्र इपॉक्सी न भरता सिलिकॉन भरले, कारण तिथे थोडी हालचाल होतच असते. हे आम्हाला सांगावे लागले नाही.

दोन जागा अशा आहेत ज्यांच्याकडे चांगले ठेकेदारही दुर्लक्ष करतात. पहिली दाराचा उंबरा. ग्रॅनाइटची पट्टी बसवण्याआधी लेप तिच्या खालून बाहेरच्या बाजूपर्यंत न्यावा लागतो, नाहीतर पाणी पट्टीखालून झिरपून शयनगृहाच्या स्कर्टिंगला लोणा लावते. येथे लेप आतल्याच कडेला थांबला होता; लक्षात आणून दिल्यावर पुढे नेला. दुसरी जागा कमोडची. जमिनीवर बसणाऱ्या कमोडचे स्क्रू टाइल भेदून थेट वरच्या जलरोधक थरात जातात. कमोड बसवणारा प्लंबर वेगळा असतो आणि खाली काय केले आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. आम्ही भोके उथळ घ्यायला लावली आणि त्यांत आधी सिलिकॉन भरून मग स्क्रू पिळले. भिंतीला टांगलेले कमोड घेतले असते तर हा प्रश्नच आला नसता, पण आमची भिंत चार इंची, म्हणजे त्यासाठी पातळ आहे.

पैशांविषयी एक इशारा. अनेक जण चौरस फुटाचा दर सांगतात आणि ऐकणारा जमिनीचे क्षेत्रफळ धरतो. आमची जमीन साडेएकतीस चौरस फूट, पण भिंतीवर एक फूट चढवलेला लेप दार वगळून मोजला तर आणखी वीस चौरस फूट, शिवाय शॉवरच्या भिंती, आणि हे सगळे भरावाच्या खाली व वर असे दोनदा. मोजमाप कसे धरणार हे कागदावर लिहून घेतले नाही तर बिल पाहून धक्का बसतो. आमच्या ठेकेदाराने ते आधी लिहून दिले होते आणि अंतिम बिल, सळईचे काम सोडल्यास, त्याच्याशी जुळले. खर्च कोणाचा, हा प्रश्न इमारतीत विचारला गेला. सहकारी संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याच्या आणि सामाईक नळांच्या गळतीची दुरुस्ती संस्थेकडे येते, स्वतःच्या न्हाणीघरातून होणाऱ्या गळतीची सदस्याकडे. आम्ही तो वाद वाढवला नाही. नव्या इमारतीत राहणाऱ्यांनी मात्र खिशात हात घालण्याआधी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याचे कलम १४(३) वाचावे. ताब्यापासून पाच वर्षांत लक्षात आणून दिलेला बांधकामातला दोष विकासकाने तीस दिवसांत, विनामोबदला दुरुस्त करून द्यायचा असतो.

हमीचा कागद हा या सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. तोंडी दहा वर्षे सांगितली होती. हातात आलेल्या छापील कागदावर हमी फक्त साहित्याची होती, मजुरीचा उल्लेख नव्हता, आणि 'ग्राहकाने कोणतेही छिद्र पाडल्यास हमी रद्द' असे एक कलम होते, जे शब्दशः घेतले तर कमोड बसवताच हमी संपते. दोन वेळा परत पाठवल्यावर मजुरीसह पाच वर्षांची हमी, फोडून पुन्हा करावे लागल्यास टाइल्सचा खर्च ग्राहकाचा, आणि कमोडच्या स्क्रूंना अपवाद, असा सुधारित कागद शिक्क्यासह मिळाला. टाइल्सच्या खर्चाची अट मला पटलेली नाही, म्हणून उरलेल्या टाइल्सची एक पेटी परत न करता माळ्यावर ठेवली आहे. हे मॉडेल पुढच्या वर्षी बाजारात मिळेलच असे नाही.